चेहरा न दाखवण्याच्या अटीवर

९ जानेवारी

वन्सं,

तुला ‘वन्सं’ म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दामच तिथून सुरुवात. नवऱ्याच्या बहिणीला दुसरं म्हणायचं तरी काय? बाकी हसण्यासारखं इकडे फारसं काही नाही.

पोहोचले. फोन तू सांगितलंस तसा वाटेतच कालव्यात टाकला. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या वर खोली मिळाली आहे. कडी आतून घट्ट बसते, तरी झोपण्याआधी पुन्हा पुन्हा उठून बघते. खाली गाडी थांबली की दिवा मालवून बसते. तुझ्या दादाच्या गाडीचा आवाज मला हजारात ओळखू येतो, हे माहीत असूनही प्रत्येक गाडी त्याचीच वाटते. काल बाजारात मागून कोणीतरी ‘अहो बाई’ म्हणालं, तर मी पाठ भिंतीला लावून उभी राहिले. माझी पडलेली पिशवी द्यायला आला होता बिचारा.

काम मिळालं आहे. गाण्यांचे व्हिडिओ काढणारा एक छोटा स्टुडिओ आहे, तिथे कपडेपट बघते. शिवायचं, इस्त्री करायची, कुणाचं बटण तुटलं तर धावायचं. दिग्दर्शकाच्या डोक्यावरची टोपी कधी उतरत नाही, म्हणून मी त्याला मनात टोपीवाला म्हणते. कॅमेरा एक बाई चालवते. धिप्पाड आहे, कमी बोलते. आणि यांची एक गंमत ऐक. गाणं दुप्पट वेगाने लावतात, गाणारी पोरगी त्यावर भराभरा ओठ हलवते, आणि मग ते चित्र संथ करतात. पडद्यावर ती अशी निवांत गाते की बघत राहावं. इथे मात्र तिला धाप लागलेली असते.

आता खरं सांगायचं ते. एका गाण्यात त्यांना बाई हवी होती, निघून गेलेल्या माणसाचा सदरा शिवत बसलेली. जिला बोलावलं होतं ती आलीच नाही. टोपीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, चेहरा दिसता कामा नये. कॅमेरावालीने मला नीट निरखलं आणि म्हणाली, ‘दिसणार नाही. माझा शब्द.’ नुसते हात, पाठ, मान, पाय. तिने शब्द पाळला, मी स्वतः पाहिलं आहे.

या दोघांना जेवढं सांगायला हवं तेवढं सांगितलं आहे. स्टुडिओत कोणी माझी चौकशी केली तर ‘अशी कोणी बाई इथे नाही’ असं म्हणून फोन ठेवायचा, हे पक्कं ठरलंय.

मी चुकले का गं? आणि तुझा दादा घरी आला होता का? काय म्हणाला? शब्द न् शब्द लिही.

तुझी वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

पत्र शाळेत मिळालं. वाचलं आणि तुकडे करून वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले. बघ, तुझ्यामुळे मी पण चोर झाले.

दादा रविवारी आला. आईचा गळका नळ दुरुस्त केला, जेवला, आईचे पाय चेपले. तुझा विषय आईनेच काढला. तो म्हणाला, ‘गेली ना? जाऊ दे. सुखात राहो.’ एवढंच. आवाज अगदी शांत. गाडी शिकवताना शेजारच्या घाबरलेल्या माणसाशी बोलतो ना, तसा. मला वाटतं, वहिनी, तो निवळलाय. आई तर म्हणाली, माझ्या सोन्यासारख्या लेकाचं कसं झालं बघ. मी मान खाली घालून भाजी चिरत राहिले.

आणि अगं, तुझं गाणं! माझ्या वर्गातल्या मुलींनीच मला दाखवलं. ती गाणारी पोरगी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सध्या मोठ्या मुलांना मी माध्यमांचा तोच धडा शिकवतेय, गाण्याचा व्हिडिओ कसा वाचायचा हा. फळ्यावर चार गोष्टी लिहून ठेवल्यात. गाण्याचा प्रकार कोणता, कॅमेरा काय करतो, कोणासाठी केलंय, आणि माणसं कशी दाखवलीत. मुलांनीच हट्ट धरला, की बाई, हेच गाणं घेऊ.

मला नाही म्हणवेना. इतकं सुंदर आहे ते! प्रकार म्हणशील तर विरहाचं गाणं, त्यात नवीन काही नाही. पण कॅमेरा इतका जवळ, की दोऱ्याचा पीळ दिसतो. तालाच्या प्रत्येक ठोक्यावर चित्र बदलतं, आणि सुई कापडात शिरते तेव्हाच ताल थांबतो. मी मुलांना म्हटलं, बघा, चेहरा न दाखवल्यामुळे ही कोणीही असू शकते, तुमची आई, माझी बहीण. एक मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, ‘बाई, मला नाही आवडलं. हात वेगळा, पाठ वेगळी, दुकानात माल मांडल्यासारखी बाई मांडलीय. चेहरा का नाही दिला तिला?’ मी खडू शोधायला लागले.

तू आहेस हे मला दुसऱ्याच दृश्यात कळलं. दोरा दातात धरून मान डावीकडे कलती करायची तुझी सवय. मागून नुसता जबड्याचा कोपरा दिसतो, पण मी म्हटलं, ही आमचीच.

काळजी करू नकोस.

वन्सं (म्हण, हवं तितकं म्हण)


२७ जानेवारी

वन्सं,

तुझं पत्र वाचलं आणि आधी कडी बघून आले.

तू मला ओळखलंस. पाठमोऱ्या बाईच्या जबड्याच्या कोपऱ्यावरून ओळखलंस, आणि कौतुक म्हणून लिहितेस! अगं, तू आमच्या घरी महिन्यातून एखादवेळी यायचीस. तो रोज समोर बसायचा. मी शिवायला बसले की तो खुर्ची ओढून बघत बसायचा, मी कुठे चुकते ते. तू ओळखतेस तर तो ओळखणार नाही?

आणि ‘शांत’ म्हणतेस. त्याचा आरडाओरडा मला कधीच भिववायचा नाही. ओरडला की ते तिथेच संपायचं. तो आवाज खाली आणतो, ‘अगं’ म्हणतो, ‘बस ना जरा’ म्हणतो, तेव्हा पुढे काय होणार ते मला ठाऊक असायचं. चारचौघांत तर त्याच्यासारखा गुणी माणूस नाही. केसाने गळा कापणारा माणूस आहे तो. ‘सुखात राहो’ म्हणाला, हे वाचून मी रात्रभर दाराशी बसून होते.

तो धडा बंद कर. गाणं कोणाला दाखवू नकोस. मी टोपीवाल्याला म्हटलं, काढून टाका ते. तो म्हणाला, आता ते लाखभर लोकांकडे गेलंय, कुठून कुठून काढू? खरं आहे त्याचं.

चिडले म्हणून रागावू नकोस. माझं तुझ्याशिवाय कोण आहे? पण घाबरलेय मी, फार घाबरलेय.

वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं बरोबर आहे आणि माझी अक्कल शेण खायला गेली होती. धडा थांबवला आहे. पुढच्या आठवड्यापासून वेगळं गाणं घेते, तोवर मुलांना सांगितलं की हे पुरे झालं. नाराज झाली.

पण जरा थंड डोक्याने विचार कर. हे गाणं कोणासाठी केलंय? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी. त्याच बघतात, त्याच एकमेकींना पाठवतात. दादा बातम्या ऐकतो आणि गाड्यांची मासिकं वाचतो. त्याच्या वाट्याला हे गाणं येईलच कसं? मी हाच विषय शिकवते गं. प्रत्येक गाण्याचा प्रेक्षक ठरलेला असतो.

तो परवा परत आला होता. माझ्या शाळेचं चाललंय कसं, मुलं ऐकतात का, विचारत होता. जन्मात कधी विचारलं नव्हतं. पण मी तुझं पत्र आठवलं आणि हो-नाही एवढंच बोलले.

जेवत जा. झोपत जा.

वन्सं


१५ फेब्रुवारी

वहिनी,

हे कुरियरने पाठवतेय. मिळाल्या मिळाल्या तिथून निघ. पुढचं नंतर वाच, आधी निघ.

काल शाळेत खुला दिवस होता. घरची माणसं येऊन वर्गात मागे बसतात, मुलं काय शिकली ते सांगतात. मी दुसऱ्या गाण्याची तयारी करून घेतली होती. पण घंटा झाली आणि बघते तर पोरांनी माझ्या नकळत तुझंच गाणं पडद्यावर लावलं. मला खूश करायला! त्यांना वाटलं, बाईंचं आवडतं गाणं काही कारणाने राहून गेलं. मी बंद करायला पुढे झाले आणि दार उघडून दादा आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात आईने दिलेला माझा डबा. सगळ्यांना नमस्कार करत मागच्या बाकावर बसला.

मी काय करायला हवं होतं? तार उपटायला हवी होती. दिवा घालवायला हवा होता. आता सुचतंय. तेव्हा मी फळ्याला टेकून उभी राहिले, कारण मला वाटलं, मी काही केलं तर त्याला कळेल. पाचावर धारण बसली होती माझी.

मुलं बोलायला लागली. प्रकार झाला, कॅमेरा झाला. दादा मन लावून ऐकत होता. मग त्याने हात वर केला, अगदी विद्यार्थ्यासारखा, आणि गोड हसून विचारलं, ‘ही बाई कुठल्या गावची असेल, हे यावरून सांगता येतं का?’

वहिनी, मीच शिकवलंय गं त्यांना. मीच सांगितलंय की चौकटीत आलेली एकही वस्तू उगाच आलेली नसते, कडेला बघा, खिडकीत बघा. ती फणकाऱ्याने बोलणारी मुलगी उठली. तिने गाणं थांबवलं आणि तुझ्या खांद्यापलीकडची खिडकी मोठी करून दाखवली. दोन कमानींचा पूल, आणि त्यामागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं धुराडं. म्हणाली, असं धुराडं आणि पूल एकत्र एकाच गावात आहेत, आम्ही शोधून काढलंय. गावाचं नावही सांगितलं. मग म्हणाली, पूल इतका तिरका दिसतो म्हणजे खोली नदीच्या अलीकडच्या काठाला, वरच्या मजल्यावर. सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने पण वाजवल्या. जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘फार छान शिकवतेस गं तू.’

मी लगेच स्टुडिओचा नंबर शोधून फोन लावला. उचलणारा तुझा टोपीवालाच असावा. मी म्हटलं, तुमच्याकडे शिवणकाम करणारी बाई आहे, तिला तातडीने निरोप द्या. तो म्हणाला, अशी कोणी बाई इथे नाही. मी रडले, नाव-गाव सगळं सांगितलं. त्याने फोन ठेवला. परत लावला तर उचललाच नाही.

आज सकाळी दादाने गाडीच्या शिकवण्या रद्द केल्याचं आईकडून कळलं.

निघ गं. निघ.


२४ फेब्रुवारी

वन्सं,

जिवंत आहे. मानेला पट्टा आहे, म्हणून अक्षर असं वाकडं. जिथे आहे तिथला पत्ता सांगत नाही, तुलाही नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, बायकांच्या या आश्रयगृहाचा तसा नियम आहे. उत्तर कॅमेरावालीच्या घरी पाठव, तिचा पत्ता पाकिटावर आहे, ती आणून देते.

तुझा दादा आला त्याच दिवशी टोपीवाला मला हसत म्हणाला, काल एका बाईला चांगलं पळवून लावलं, काय रडत होती फोनवर, पण मी दाद दिली नाही. मी विचारलं, आवाज कसा होता? त्याने सांगितला. मी इस्त्री बंद केली आणि कपड्यांच्या रांगेमागे पिशवी भरायला गेले. तुझं कुरियर नंतर आलं, तोवर तुझा दादा येऊन गेला होता.

दुपारचं चित्रीकरण चालू होतं. तो दारातून आत आला तो सगळ्यांना हात जोडतच. मी अजून रांगेमागेच होते, तरी सरळ माझ्याकडेच आला. कॅमेरावालीने माझं तोंड बघितलं आणि काय सुचलं तिला, कॅमेरा खांद्यावर चढवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कॅमेऱ्यावरचा, चित्रण चालू असल्याचा लाल दिवा लागलेला. तो थबकला. केसांवरून हात फिरवला. आणि असा बोलायला लागला, की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. ‘घरी चल. आई वाट बघतेय. मी काही विचारणार नाही.’ लाल दिवा होता तोवर तो जागचा हलला नाही. मीही नाही. टोपीवाला आतल्या खोलीतून पोलिसांना फोन करत होता. कॅमेरावाली हळूहळू त्याच्याभोवती फिरत होती, जणू गाण्यातलंच एखादं दृश्य घेतेय. मी मनात म्हणत होते, बघत राहा गं बाई, बघत राहा.

मग बॅटरी संपली. दिवा विझला. त्याने तो विझताना पाहिला.

पुढचं लिहीत नाही. टेबलाची कड, आणि त्याचे हात. दिवेवाल्यांनी मिळून ओढला म्हणून वाचले.

आता ऐक, रडायचं असेल तर नंतर. पोलिसांनी चित्रीकरण बघितलं. त्यात काय आहे? एक सालस नवरा बायकोला घरी चल म्हणतोय. साहेब म्हणाले, बाई, हा तर किती नीट बोलतोय. स्टुडिओतले लोक तुमचेच, ते तुमच्याच बाजूने सांगणार. घरातलं, त्याच्या बाजूचं कोणी सांगणारं आहे का? आत्ता तो आत आहे, पण तसं कोणी नसेल तर लवकरच सुटेल.

मी तुझं नाव घेतलं नाही. त्याची बहीण आहेस तू. आईजवळ राहतेस. तो सुटला तर आधी तुझ्याच दारात येणार आहे. म्हणून मी फक्त काय झालं ते कळवतेय, काही मागत नाहीये.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

तू मागितलं नाहीस, तरी मी तिथल्या पोलीस ठाण्यात गेले. आईला सांगितलं शाळेचं काम आहे.

साहेब सभ्य होते. मी बहीण म्हटल्यावर त्यांना वाटलं, भावाला सोडवायला आलेय. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, मला ते चित्रीकरण दाखवा. त्यांनी लावलं. दादा बोलायला लागला आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपणच चुकतोय. इतका चांगला दिसत होता गं तो. घरी आईचे पाय चेपणारा दादाच. उठून जावंसं वाटलं.

मग मी म्हटलं, साहेब, थांबवा. आवाज बंद करून परत लावा.

आणि मी वर्गात शिकवते तसं शिकवलं त्यांना, वहिनी. म्हटलं, चेहरा बघू नका, चेहरा तो सगळ्यांसाठी करतो. हात बघा. डाव्या हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, बघितलंत? तो घड्याळ कधी काढतो ते मी सांगते. म्हटलं, तो एकदाही कोणाकडे बघत नाही, त्या लाल दिव्याकडेच बघतोय. हे सगळं बोलणं बायकोसाठी नाहीच, बघणाऱ्यांसाठी आहे. आता बायको बघा. कडेला, चौकटीत अर्धीच आलीय. ती त्याच्या तोंडाकडे बघत नाहीये, तिची नजर घड्याळाच्या खिशावर आहे. नवरा घरी बोलावतोय आणि बाई खिसा का बघते, साहेब?

त्यांनी ते परत लावलं. मग आणखी एकदा.

शेवटी विचारलं, घड्याळ काढल्यावर काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का? मी म्हटलं, हो. तुमच्या स्वयंपाकघरात पाहिलं ते सांगितलं, आणि जिन्यात पाहिलं ते सांगितलं. एक शिपाई लिहून घेत होता. मध्ये उठून बाहेर गेले. तोंड धुऊन आले आणि राहिलेलं सांगितलं. साहेब म्हणाले, आता सहजी सुटणार नाही. पण कायमचाही आत राहणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

सही करण्याआधी मी विचारलं, हे कोणी सांगितलं ते त्याला कळेल का? साहेब म्हणाले, जबाबाची प्रत त्याला द्यावीच लागते, बाई. अजून वेळ आहे, विचार करा. खाली नातं लिहायची जागा होती. मी ‘सख्खी बहीण’ लिहिलं आणि सही केली.

घरी आले तर आईला कोणीतरी सांगितलेलं होतं. ती माझ्याशी बोलत नाही. माझ्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडते आणि रिकामंच उचलते. मी रात्री कडी लावते, मग उठून बघते, मग परत उठून बघते. खाली गाडी थांबली की दिवा मालवून बसते. तू लिहिलं होतंस तेव्हा मी वाचलं होतं सगळं, पण मला कळलं नव्हतं गं.

तू एकटी घाबरत होतीस इतके दिवस. आता दोघी आहोत.

वन्सं